एकतीसपैकी सात

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी साडेसहाला दामोधर नाकाड्यांनी आपल्या मुलीला हलवून उठवलं, तेव्हा त्यांच्या भुवयांवर काहीतरी पांढरं चिकटलेलं होतं.

"मृणाली, ऊठ. बाहेर काय पडून रायलं, पाय."

रात्रीच्या बसने पुण्याहून आलेली मृणाली अर्धवट झोपेतच अंगणात आली आणि पायरीवर थबकली. समोरच्या घराच्या कवेलूंच्या छपरावर, कापून रचलेल्या धानाच्या पुंजण्यांवर, प्रफुलच्या मोटरसायकलच्या सीटवर पांढरा पातळ थर होता आणि वरून अजून पडतच होतं. आवाज काही नव्हता. वारा नसल्यामुळे कण अगदी सरळ, सावकाश खाली येत होते. शेजारच्या गिरजाबाई दारात उभ्या राहून सावरीचा कापूस या दिवसांत कसा उडायला लागला म्हणून विचारत होत्या. गोठ्यातल्या म्हशीच्या पाठीवर पडलेला बर्फ लगेच वितळत होता आणि तिच्या अंगातून वाफा निघत होत्या.

हळदाटोला हे ब्रह्मपुरीपासून वीस किलोमीटरवरचं धानाचं गाव. ब्रह्मपुरीचं नाव वर्तमानपत्रांत यायचं ते फक्त मे महिन्यात, सगळ्यांत जास्त तापमान कुठे म्हणून. दामोधरराव तिथल्या वेधशाळेत चौतीस वर्षं निरीक्षक होते. नोकरीच्या सुरुवातीच्या प्रशिक्षणात त्यांना पडलेला बर्फ कसा मोजायचा तेही शिकवलं होतं, आणि ते कधी उपयोगी पडणार, असं म्हणून सगळा वर्ग हसला होता. निवृत्तीनंतर त्यांनी घराच्या अंगणात झडपांची पांढरी लाकडी पेटी बसवून घेतली, तिच्यात तापमापक ठेवले, शेजारी पर्जन्यमापक रोवला, आणि रोजची नोंद चालूच ठेवली. आज पेटीतला पारा शून्याच्या वर जेमतेम अर्धा अंश होता. ते तिसऱ्यांदा जाऊन पाहून आले होते. पासष्ट वर्षांचा माणूस, कानाला शेला गुंडाळलेला, पायात रबरी चप्पल, आणि चेहरा परीक्षेत पहिला आलेल्या मुलासारखा.

एव्हाना घर जागं झालं होतं. मृणालीचा थोरला भाऊ प्रफुल बाहेर आला, वर बघितलं, आणि काही न बोलता मोठ्याने हसायला लागला. त्याची बायको ज्योत्स्ना घरातल्या सगळ्या चादरी काढून आणत होती, कारण स्वेटर नावाची वस्तू त्या घरात एकच होती आणि ती आजोबांची होती. सात वर्षांच्या शर्वीला तिने दोन फ्रॉक एकावर एक चढवले, वर बापाचा शर्ट घातला आणि हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या. शर्वी सूप घेऊन अंगणभर धावत होती. सुपात जमलेल्या बर्फाला कोणी हात लावण्याआधी मला मोजू दे, असं आजोबा तिला सांगत होते आणि ती ऐकत नव्हती.

मृणाली मात्र पायरीवरच उभी राहिली होती. कोणाच्या ते लक्षात आलं नाही. आलं असतं तरी थंडीने कुडकुडतेय असंच वाटलं असतं.

तिला काय दिसत होतं ते समजायला सहा वर्षं मागं जावं लागेल. त्या वर्षीच्या मे महिन्यात एका दुपारी दामोधररावांनी वेधशाळेत एकोणपन्नास पूर्णांक एक अंशाची नोंद केली, आणि त्याच वेळी इकडे घरी त्यांची बायको, मृणालीची आई, पाण्याच्या टँकरसमोरच्या रांगेतून परत येऊन ओसरीवर आडवी झाली ती पुन्हा उठली नाही. त्या उन्हाळ्यात पृथ्वीच्या उत्तर भागात अशी इतकी माणसं गेली की आकडा कोणी नक्की सांगू शकलं नाही. पुढच्याही वर्षी तेच झालं. मग काही देशांनी मिळून छाया परिषद नावाची संस्था उभी केली. वीस किलोमीटर उंचीवर विमानांनी चुनखडीची अतिशय बारीक भुकटी पसरायची, म्हणजे उन्हाचा शंभरातला एक भाग तिथूनच परत अवकाशात फेकला जाईल, अशी ती योजना होती. दक्षिणेकडच्या देशांनी आपल्या आकाशात काहीही टाकायला नकार दिला. म्हणून भुकटी फक्त उत्तर गोलार्धावर पडू लागली.

योजनेला मंजुरी देण्याआधी तिचा मान्सूनवर काय परिणाम होईल हे तपासायचं काम पुण्याच्या एका गटाकडे आलं, आणि त्या गटात गणित मांडणारी मृणाली होती. तिने संगणकावर पुढची वीस वर्षं एकतीस वेळा चालवून पाहिली. चोवीस वेळा पाऊस थोडा कमी झाला, पण आला. सात वेळा तो आलाच नाही.

कारण अवघड नव्हतं. विषुववृत्ताजवळ पावसाचा एक पट्टा असतो आणि तो नेहमी जास्त तापलेल्या बाजूला सरकतो. उन्हाळ्यात आपली जमीन तापते, पट्टा उत्तरेला ओढला जातो, त्यालाच आपण मान्सून म्हणतो. उत्तरेवरच सावली धरली तर त्याला ओढणारं कोणी उरत नाही, तो खाली समुद्रावर रेंगाळतो. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. हिवाळ्यात हिमालयाच्या दक्षिणेकडून खूप उंचावर एक जोराचा पश्चिमी वारा वाहतो. जूनमध्ये तो डोंगर ओलांडून उत्तरेला जातो, तेव्हाच मान्सूनला आत यायला वाट मिळते. त्या सात वेळा हा वारा हिवाळ्यात फार खाली उतरला आणि जूनमध्ये परत गेला नाही. त्याची एक खूण होती. सातही वेळा, पाऊस बंद होण्याआधीच्या हिवाळ्यात, बर्फ मध्य भारतापर्यंत आला होता. उरलेल्या चोवीस वेळांत एकदाही नाही.

परिषदेला एक आकडा हवा होता, सरासरीचा. मृणालीने सरासरी काढून दिली, पावसात अकरा टक्के घट, आणि ते सात निकाल अहवालाच्या शेवटी एका परिशिष्टात घातले. तिला कोणी धमकावलं नव्हतं. दोनेक वर्षांपूर्वी आई गेली होती आणि पुढचा मे महिना येत होता, एवढंच.

"आत्या, हे गोड नाही लागत," शर्वी तिच्यासमोर उभी राहून तक्रार करत होती. तिच्या जिभेवर बर्फ होता. ज्योत्स्नाने आतून गुळाचा पाक करून आणला, ताटलीतल्या बर्फावर धार धरली, आणि सगळ्यांनी चमच्यांनी तो खाल्ला. प्रफुलने दोन ताटल्या संपवल्या. गल्लीत आता सगळं गाव उतरलं होतं. म्हातारी माणसं एकमेकांच्या अंगावर बर्फ टाकत होती. कोणीतरी बँडवाल्यांना उठवून आणलं आणि शाळेच्या मैदानावर ताशा सुरू झाला.

मृणालीने परसात जाऊन पुण्याला गटप्रमुखांना फोन लावला. त्यांनाही बर्फाचं कळलं होतं. ते हळू आवाजात बोलत होते. एका दिवसाचा बर्फ हा योगायोगही असू शकतो, परिषदेची बैठक पुढच्या आठवड्यात आहे, तोवर गटातल्या कोणी बाहेर काही बोलायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. विमानं थांबवता येतील का, असं तिने विचारलं. उत्तर दोघांनाही माहीत होतं. भुकटी थांबवली तरी वर असलेली खाली यायला दोन वर्षं लागणार, आणि ती खाली आली की इतकी वर्षं अडवून धरलेली उष्णता दोन उन्हाळ्यांत एकदम येणार. मग एकोणपन्नास हा आकडा लोकांना सौम्य वाटला असता.

ती परत आली तेव्हा दामोधरराव ओसरीवर बसून बर्फ मोजत होते. पर्जन्यमापकाच्या नळकांड्यात जमलेल्या बर्फावर त्यांनी मोजून घेतलेलं कोमट पाणी ओतलं, सगळा विरघळू दिला, मग एकूण पाण्यातून ओतलेलं वजा केलं. चार पूर्णांक दोन मिलिमीटर. चाळीस वर्षांपूर्वी शिकलेलं अजून जमत होतं याचं त्यांना फार कौतुक वाटत होतं. वहीत नोंद करता करता त्यांनी सहज विचारलं, तुमचं गणित काय म्हणतं, या वर्षी पाऊस कसा?

तिने सगळं सांगून टाकलं. एकतीस, सात, परिशिष्ट, आणि आजचा बर्फ. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. बोलणं संपल्यावर पेनाचं टोपण लावलं आणि काचेचं मोजपात्र हातात घेतलं.

"मोजताही येत नाही इतका थोडा पाऊस पडला, चार थेंब, तरी आम्ही तो लिहीत होतो," ते म्हणाले. "लेशमात्र, असं लिहायचं. आणि तू सात दुष्काळ लिहिले नाहीस."

"लिहिले होते, बाबा. परिशिष्टात."

"परिशिष्ट कोण वाचते, मृणा?"

 आईचं नाव तिच्या ओठांवर आलं होतं, पण ते या माणसासमोर घ्यायची तिची हिंमत झाली नाही. त्यांनीही घेतलं नाही. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की किती वर्षं. ती म्हणाली, चार तरी. कदाचित जास्त.

त्यांनी मोजपात्र पुसून जागेवर ठेवलं. आज कोणाला सांगू नकोस, म्हणाले, पोर खेळून रायली. मग ते उठले, शेला नीट बांधला, आणि अंगणात जाऊन शर्वीला दोन्ही हातांनी बर्फाचा गोळा वळायला शिकवू लागले. त्यांना तो कुठे येत होता? गोळा फुटत होता, दोघं पुन्हा वळत होती. थोड्या वेळाने मृणालीही गेली. ज्योत्स्नाने सगळ्यांना पुंजण्यापुढे उभं करून फोटो काढला. प्रफुलने बहिणीच्या मानेत मागून बर्फ टाकला, ती ओरडली, आणि तिला हसू आलं, खरं हसू. त्या क्षणी तिला स्वतःची इतकी किळस आली की तिने तोंड फिरवलं.

दहाच्या सुमारास सगळ्यांच्या फोनवर परिषदेचं निवेदन आलं. मध्य भारतात हलकी हिमवृष्टी, घाबरण्याचं कारण नाही, छाया योजना यशस्वी होत असल्याचं हे लक्षण आहे, कुटुंबासह आनंद घ्या. खाली मृणालीच्या गटाचं नाव होतं. प्रफुलने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि बहिणीच्या पाठीवर थाप मारली. दुपारी एकपर्यंत ऊन आलं आणि सगळा बर्फ गेला. गल्लीत चिखल उरला.

दुसऱ्या दिवशी, संक्रांतीला, गावातल्या तलावाची सभा होती. हळदाटोल्याचा तलाव जुना आणि मोठा. गेली तीन वर्षं उन्हाळे सौम्य गेल्याने पाणी आटलं नव्हतं, जानेवारीतही तो काठोकाठ होता. या वर्षी त्या पाण्यावर उन्हाळी धान घ्यायचं असं गावाने ठरवलं होतं, आणि तलाव समितीचा अध्यक्ष प्रफुल होता. गेटची कळ फिरवायचा मान त्याचाच. हिशेब सरळ होता. आता तलाव रिकामा करायचा, जूनमध्ये तो पुन्हा भरणार.

तिळगूळ वाटून झाला. प्रफुलने ठराव वाचला. तेव्हा दामोधरराव उभे राहिले आणि म्हणाले की पाणी सोडू नका, ते प्यायला लागेल. लोक चकित झाले. हा माणूस कधी सभेत बोलत नसे. कोणीतरी कारण विचारलं. त्यांनी मृणालीकडे पाहिलं.

ती उभी राहिली आणि घरात सांगितलं तसंच सोप्या शब्दांत सगळं सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकलं. कालच्या बर्फाची गोष्ट आल्यावर काही जण हसले, पण वाईट हेतूने नाही. मग प्रफुल बोलला. तो अध्यक्षाच्या खुर्चीवरून उठलाही नाही.

"हे तुले कधीपासून माहीत होतं?"

"चार वर्षं झाली."

"भुकटी टाकायच्या आधीपासून?"

"हो, दादा."

 मागच्या बाजूला बसलेल्या गिरजाबाई बोलल्या. त्यांची सात एकर धानाची शेती होती आणि त्या ती एकट्याने करत. आवाज चढवून बोलायची त्यांना गरजच नसे. "तवा सांगतलं नाई, बाई. मंग आता काहून सांगून रायली? तवा खोटं होतं का आता खोटं हाये, आमी कसं समजाव?"

 कोणी एकाने फोन काढून कालचं निवेदन पुन्हा वाचलं, तिच्याच गटाचं. पुढच्या जूनमध्ये पाऊस नाही याची खात्री देतेस का, असं सरपंचांनी विचारलं. खात्री हा शब्द ती देऊ शकत नव्हती. ती म्हणाली, बर्फ पडला त्या सातही वेळा नाही आला. मग खात्री नाही म्हणा, असं सरपंच म्हणाले. हात वर झाले. प्रफुलने सगळ्यांत शेवटी हात वर केला, बहिणीकडे न बघता. विरोधात एकटे दामोधरराव होते. त्याच दुपारी ताशाच्या तालावर गेट उघडलं, पाणी पाटातून सुटलं आणि पोरं पाटाच्या कडेने त्याच्याबरोबर शेतांपर्यंत धावत गेली.

मृणाली संध्याकाळच्या बसने पुण्याला गेली. पुढच्या आठवड्यात तिने ते सात निकाल वर्तमानपत्रांना दिले. दोन दिवस चर्चा झाली, परिषदेने खुलासा केला, आणि विषय संपला. बर्फाचे फोटो तेव्हाही सगळीकडे फिरत होते.

उन्हाळा सुंदर गेला. एप्रिलमध्ये उन्हाळी धान तरारून आलं, मे महिन्यातही पारा अडतीसच्या वर गेला नाही. जून आला. आकाश दुधाळ पांढरं होतं, झुळूक गार होती, आणि ढग नव्हते. जुलैत लोक दुपारीसुद्धा अंगणात बसून राहत, इतकी हवा छान होती. सगळ्या मध्य भारतात तेच. रोपं नर्सरीतच पिवळी पडली. विहिरी ऑगस्टपर्यंत पुरल्या. तलावाच्या तळाला भेगा पडल्या तेव्हा गावाने जनावरं सोडून दिली. गिरजाबाई आपल्या बहिणीकडे गेल्या आणि तिथे दोन आठवड्यांनी जुलाबाने वारल्या. तिथेही पाणी वाईटच होतं. प्रफुल बायकोपोरीला घेऊन सासरवाडीला गेला. तो मृणालीशी भांडला नाही. फोन केला की फोन उचलायचा, कसं काय विचारायचा, आणि बोलायला शर्वीकडे द्यायचा.

सप्टेंबरमध्ये परिषदेने पुन्हा बैठक घेतली. आता विषय एकच होता, योजना चालू ठेवायची की थांबवायची. मध्य भारताच्या वतीने तांत्रिक मत द्यायला मृणालीला बोलावलं, कारण आता तिच्यावर विश्वास ठेवायला कोणाची हरकत नव्हती. तिने सगळे निकाल पुन्हा चालवले, या वेळी तीनशे वेळा. थांबवलं तर दोन उन्हाळ्यांत सत्तावीस देशांत उष्णतेने माणसं मरणार होती, त्यांत तिचाही देश होता. चालू ठेवलं तर तिच्या भागात आणखी निदान पाच वर्षं पाऊस येणार नव्हता, माणसं हलवावी लागणार होती, पण बरीचशी जगणार होती. तिने आकडे मांडले, एकही परिशिष्टात ठेवला नाही. तुमचं स्वतःचं मत काय, असं अध्यक्षांनी विचारलं.

"चालू ठेवा," ती म्हणाली.

बाहेर येऊन तिने वडिलांना फोन लावला. दुपारचे चार वाजले होते. गावात आता त्यांच्यासह वीस-पंचवीसच माणसं उरली होती आणि उद्या सकाळी शेवटची गाडी त्यांना न्यायला येणार होती. तिने आपण काय सांगितलं ते त्यांना सांगितलं.  बरोबर केलं, ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सहन होईना. काहीतरी बोला बाबा, असं ती म्हणाली.

त्यांनी विचारलं, आम्हाला कुठे नेणार आहेत.

कोकणात, तिने सांगितलं, वेंगुर्ल्याच्या बाजूला छावणी आहे. समुद्रावरून जे काही थोडं येतं ते घाटाला अडून तिथंच पडतं.

"किती पडला या वर्षी तिथं?"

"नऊशे मिलिमीटर. नेहमीच्या एक तृतीयांश."

"नऊशे," ते म्हणाले. हा आकडा त्यांनी दोनदा उच्चारला. एकच पिशवी न्यायची परवानगी होती आणि ती त्यांनी कालच भरून ठेवली होती. "मग छत्री लागंल," ते म्हणाले. "थांब जरा."

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला, पण त्यांनी तो बंद केला नाही. मृणालीला पत्र्याच्या पेटीचं झाकण उघडल्याचं ऐकू आलं, मग कपाटाची दारं, मग आतल्या खोलीत काहीतरी सरकवल्याचं. मध्ये एकदा त्यांनी सवयीने ज्योत्स्नाला हाक मारली, छत्री कुठे ठेवली म्हणून. उत्तर आलं नाही. मग पुन्हा पेटीचं झाकण. ती फोन कानाला लावून परिषदेच्या पायऱ्यांवर उभी राहिली आणि ते रिकाम्या घरात शोधत राहिले.